हात वर केल्यावरचा मासा

सुनेचा उजवा हात मी तिच्या तोंडाच्या आधी ओळखते. कामावर ती परांचीवर उभी असते आणि मी खाली घमेलं घेऊन. वर पाहिलं की आधी तो हात दिसतो, मग थापी, मग छत. तोंड दिसलंच तर हनुवटीखालून. आम्ही दोघी छताचं पीओपी करतो. माल मी कालवते, लावते ती.

हे काम तिला माझ्या नवऱ्याने शिकवलं. आमच्या मुलाने वडिलांची थापी कधी हातात धरली नाही, तो ट्रक चालवतो. लग्न होऊन आलेल्या मुलीने मात्र महिना व्हायच्या आत विचारलं, बाबा, मी वर चढू का. नवरा मला म्हणाला, "आपलं पोरगं नाही चढलं, पण चढणारी घेऊन आलं." त्याच्यामागे ती एकटीच सगळं सांभाळत होती, आणि त्याच्याइतकंच साफ.

मग एका जिन्यात शिडी घसरली आणि ती नेमकी उजव्याच खांद्यावर पडली. ऑपरेशन झालं, पट्टा सुटला, व्यायाम सुरू झाले. हात हळूहळू वर येऊ लागला आणि खांद्याच्या रेषेपर्यंत येऊन थांबला. दुखत नव्हता, नुसता थांबायचा. दाराला पलीकडून कुणी कडी घातलेली असावी तसा. डॉक्टर म्हणाले, यापुढे वर जाईलही कदाचित, पण जाईलच असं नाही. त्या वाक्यातला पहिला तुकडा मी उचलला आणि दुसरा तिने. कुणी काय उचललं ते एकमेकींना सांगायचं मात्र राहून गेलं.

व्यायाम करून घेणाऱ्या बाईच्या पोटरीवर एक मासा गोंदलेला होता. सून टेबलावर पालथी पडायची, तेव्हा तिला समोर तेवढी पोटरीच दिसायची. रोज बघून बघून शेवटी तिने विचारलं. बाई म्हणाली, हे जपानी पद्धतीचं गोंदण आहे. धबधबा खाली कोसळत असतो आणि हा मासा त्यातून वर चढतो. गोंदणारा परदेशात असतो, तरुणपणी जपानमध्ये गुरूच्या घरी राहून शिकला, मशीन लावत नाही, काडीला बांधलेल्या सुयांनी हाताने टोचतो. बाई स्वतः तिकडे जाऊन आली होती.

तेव्हापासून सुनेने धोशाच लावला. मला असा मासा हवा, याच हातावर हवा आणि त्याच माणसाकडून हवा. माझा मुलगा म्हणाला, मासाच हवा तर येताना बाजारातून आणतो, साफ करूनसुद्धा देतो. ती हसली, पण तिचा हट्ट कायम राहिला. मला मनातून बरं वाटलं. मासा चढतो तशी ही पण चढणार, म्हणूनच तिला तो हवाय, असं मी धरून चालले.

तिला बॅग वर उचलून ठेवता येत नव्हती, मुलाला गाडी सोडता येत नव्हती, म्हणून सोबत मी. सासू-सुना विमानाने चालल्यात हे कळल्यावर शेजारीण म्हणाली, "जाताना दोघी जाताय, येताना कितीजणी?"

तिकडे आम्ही ज्या घरात खोली घेतली होती तिथली घरमालकीण आपलीच भाषा बोलणारी निघाली. लग्न करून आली ती तिथलीच होऊन गेली होती. तिचं बोलणं कपाटात ठेवून दिलेल्या चादरीसारखं होतं, स्वच्छ, पण घड्या पडलेलं. ती म्हणाली, तुम्ही काय बोलाल आणि तो गोंदणारा काय समजेल, मी येते मध्ये. खरं तर तिलाही बघायचं होतं.

गोंदणाऱ्याची जागा सायकलदुरुस्तीच्या दुकानाच्या वर, अगदी शेवटच्या मजल्यावर होती. लाकडी जिना, मग एकच लांब खोली. छत उतरतं, खिडकीकडे खाली खाली येणारं. एका बाजूला रुंद लाकडी चौथरा, चांगला गुडघ्याएवढा उंच, त्यावर चटई. गिऱ्हाईक तिथे झोपायचं आणि तो शेजारी मांडी घालून बसायचा. माणूस माझ्याच वयाचा, बारीक, बोटं मात्र जाड. सुनेने त्याला पहिल्याच दिवशी मास्तर करून टाकलं.

माझं लक्ष मात्र वर होतं. चौथऱ्याच्या बरोबर वरती, छताचा एक तुकडा फुगला होता. पाणी मुरून गेलेलं असणार. खाली पोपडे पडू नयेत म्हणून त्याने तिथे एक कागद टाचून ठेवला होता. दुखऱ्या गुडघ्याला फडकं बांधावं तसा.

मास्तरने विचारलं, मासा कशासाठी. सून म्हणाली, या हाताने पुष्कळ काम केलंय. एवढंच. त्याने मान हलवली. तो कागदावर चित्र काढत नाही, माणसाच्या अंगावरच कुंचल्याने काढतो, म्हणजे मासा त्या अंगाच्या मापाचा होतो. हात मोकळा सोडून उभी राहा म्हणाला. ती उभी राहिली आणि तो तिच्याभोवती हळूहळू फिरत काढू लागला. मनगटापाशी शेपटी, वर वळत वळत खवले, दंडावर डोकं, मिशा, उघडं तोंड खांद्याकडे. बाजूने पाण्याच्या लाटा. चित्र इतकं जिवंत होतं की घरमालकीण तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

मी म्हटलं, "उलटा आहे."

मास्तरने घरमालकिणीकडे पाहिलं. ती मला म्हणाली, असं कसं सांगू त्यांना? म्हटलं, जसं मी सांगितलं तसं.

तिने सांगितलं. मास्तर रागावला नाही, उलट कुठे ते दाखवा म्हणाला. मी माझा हात वर केला, थापी धरल्यासारखा, आणि म्हटलं, हिचा हात असा असतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत असा. असा हात असला की तुमचा मासा डोक्यावर आपटतोय. मला सुनेचा हात दुसऱ्या कुठल्या बाजूने बघायची सवयच नव्हती. माझ्या लेखी त्या हाताचं वरचं टोक म्हणजे मनगट.

मास्तर सुनेकडे वळला आणि त्याने तिला करून दाखवायला सांगितलं. तिने हात उचलला. खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला. ओल्या शाईतला मासाही तिथेच आडवा थांबला.

ती मला म्हणाली, "आई, मासा बरोबर आहे. हा हात आता खालीच असणार आहे."

हे कुणी मास्तरला भाषांतर करून सांगितलं नाही, तरी त्याने कुंचला खाली ठेवला. मग ओलं फडकं घेऊन सगळा मासा पुसून टाकला. म्हणाला, सुई एकदा आत गेली की मी तिला परत बोलावू शकत नाही. घरात एकमत करून या.

घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात दुपारभर आमचं काही एकमत झालं नाही. कळलं मात्र बरंच. सुनेने फरशीच्या दुकानात काउंटरवर बसायचं कबूल केलं होतं, परत गेल्या गेल्या रुजू व्हायचं होतं. आमची लांब पट्टी, छत सरळ आहे का ते बघायची, नवऱ्याच्या हातची, ती तिने आमच्याच धंद्यातल्या ठेंगूला देऊनही टाकली होती. ठेंगू नावाचाच ठेंगू, ताडासारखा उंच आहे. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी निघायच्या आदल्या दिवशी घमेली घासून पालथी घालून आले होते, आल्यावर लागतील म्हणून.

मी विचारलं, मग मासा कशाला? इतक्या लांब कशाला आलो?

ती म्हणाली, "सगळ्यांच्या नोकऱ्या संपल्या की हार घालतात, चार शब्द बोलतात. या हाताला कोण हार घालणार? मीच घालते म्हटलं."

म्हणजे हा निरोपसमारंभ होता, आणि मी वाजतगाजत त्याला विमानाने आले होते. मला रडूही येईना आणि हसूही. मी एवढंच म्हटलं, तुझ्या सासऱ्याने तुला शिकवलं ते काउंटरवर बसायला नव्हे. बोलले आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं. तिने भांडी घासायला घेतली, डाव्या हाताने, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली की तो हात माझ्या खांद्याला जोडलेला आहे, बाबांच्या नाही. खरंच होतं ते.

तिचं ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी निघताना मला म्हणाली, "उद्या-परवा करत बसायचं नाही. आज काढून घेणार, खांद्याकडे तोंड. तुम्ही चला, पण गप्प बसायला चला." मी हो म्हटलं आणि पाळायचं ठरवलं. तिचा हात, तिचा मासा.

आम्ही पोहोचलो तेव्हा मास्तर खिडकीपाशी बसून काडीला सुया बांधत होता. दोरा घट्ट ओढायचा, उजेडात धरून टोकं एका रेषेत आहेत का बघायचं, नसली तर सोडून परत बांधायचं. त्याने हाताने खूण केली, बसा. सून चौथऱ्याच्या कडेवर बसली. मी भिंतीपाशी गप्प बसले. तेवढ्यात वरच्या कागदाच्या कडेने एक पोपडा सुटला आणि तिच्या मांडीवर पडला.

तिने तो उचलला, दोन बोटांत चुरडला, वर पाहिलं. मग चपला काढून चौथऱ्यावर चढली. छत तिथे इतकं उतरतं होतं की तिचं डोकं त्याला लागायला थोडंच अंतर राहिलं. तिने कागद बाजूला केला आणि बोटाच्या पेराने वाजवलं.

"आई, ऐका."

ऐकलं. पोकळ. मी गप्प बसायचं विसरले आणि विचारलं, कुठपर्यंत? ती वाजवत वाजवत सरकली. पोक, पोक, पोक, आणि मग ठक. इथपर्यंत, म्हणाली. मी म्हटलं खिडकीकडे बघ. तिकडेही पोक.

मास्तर सुया ठेवून उठला. घरमालकिणीने त्याला आम्ही काय करतो ते सांगितलं. त्याने विचारलं, पडेल का? सून म्हणाली, "पडणार. आणि नेमकं कुणाच्या तरी पाठीवर, सुई आत असताना." ते भाषांतर ऐकून तो पहिल्यांदा हसला, आणि मग त्याने हसणं थांबवून छताकडे नीट पाहिलं.

आपण गोंदून घ्यायला आलोय, छत दुरुस्त करायला नाही, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. घरमालकीण मला दुकानात घेऊन गेली. थापी मिळाली, आपल्या मानाने नाजूक, पण चालण्यासारखी. पावडरची पिशवी अनोळखी. त्यांचा माल किती वेळात घट्ट होतो ते मला काय ठाऊक, म्हणून परत आल्यावर चिमूटभर तळहातावर कालवून बघितला. पोरकट घाई होती त्याला. मग मास्तरच्या बादलीत आधी पाणी घेतलं आणि वरून हळूहळू पावडर सोडली. मी येईपर्यंत सुनेने सुटलेलं सगळं खरवडून काढलं होतं, कडा ओल्या केल्या होत्या. मास्तरने चटई गुंडाळून चादर अंथरली होती आणि स्वतः कोपऱ्यात उभा होता, आपल्याच घरात पाहुणा असल्यासारखा.

मी पहिला गोळा थापीवर दिला आणि तिने लावला. पहिला हात आखूड गेला. दुसरा बरा. तिसऱ्याला थापीचा तो आवाज आला, ओल्या छतावरून एकसारखी सरकताना येतो तो. कितीतरी दिवसांनी ऐकला.

मी खालून बघत होते. दंड खांद्याच्या रेषेत आडवा, कोपर वाकलेलं, आणि कोपरापासून मनगट सरळ वर. हात खांद्याच्या वर गेलाच नव्हता. जायची गरजच पडली नव्हती, कारण छतच तिच्या डोक्याशी आलं होतं.

आणि मला माझा नवरा आठवला. शेवटच्या वर्षांत तो परांची इतकी उंच बांधायला लावायचा की टोपी छताला घासायची. खांदे दुखायचे त्याचे. कामावरचे लोक मागून म्हणायचे, म्हातारा टोपीने छत पुसतो. आमच्या कामात परांचीची फळी खाली हवी, हात पूर्ण ताणलेला हवा, म्हणजे थापी लांब फिरते, आणि तसं करेल तो कारागीर. उंच फळीवर चढतो तो हात संपलेला माणूस. सुनेलाही त्याने, त्याचा हात चांगला असताना, फळी खाली ठेवूनच शिकवलं होतं. म्हणून इतके महिने आम्ही दोघींनी, डॉक्टरने, त्या व्यायामाच्या बाईने, सगळ्यांनी मिळून हात वर करायची खटपट केली. फळी वर करावी हे कुणाला सुचलं नाही. बाकीच्यांना सुचणार नव्हतंच. आम्हाला सुचायला हवं होतं.

वर सुनेची थापी थांबली होती. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. मग तिने खाली माझ्याकडे पाहिलं. मी बादलीचा तळ खरवडत म्हटलं, "माल घट्ट होतोय, आवर."

तिने आवरलं. शेवटी ओला हात फिरवून कड जुन्या छतात अशी मिसळवली की जोड शोधावा लागला असता. मग तशीच उभी राहिली, बोटांना माल, केसांत पांढरी धूळ.

मास्तरने एव्हाना छताकडे पाहणं सोडलं होतं. तो घरमालकिणीला काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, ते म्हणतात हात धुवून या आणि परत तशाच उभ्या राहा, जशा आत्ता होतात.

ती परत चौथऱ्यावर चढली आणि हात तसाच धरला, तळवा छताकडे. मास्तरही शेजारी चढला आणि त्याने कुंचला लावला. आडव्या दंडावर त्याने नुसतं पाणी काढलं, फिरणारं, फेसाळणारं. कोपराच्या वळणावर पाणी फुटलं, आणि तिथून मासा उठला. मनगटापर्यंत सरळ वर, तोंड तळव्याच्या बुडाशी. मग त्याने तिला हात खाली सोडायला सांगितलं. मासा खाली तोंड करून लटकला. त्याने घरमालकिणीमार्फत विचारलं, तुमचा हात सोडलेला असेल तेव्हा लोकांना हा असा दिसेल, खाली पडणारा. चुकलाय म्हणतील. परत एकदा विचार करा.

सून बराच वेळ हाताकडे बघत राहिली. कधी वर धरून, कधी खाली सोडून. मी भिंतीकडे बघत बसले.

मग ती मला म्हणाली, "आई, गेल्यावर फळी उंच बांधावी लागेल."

"बांधू."

"लोक म्हणतील, ही टोपीने छत पुसते."

"तुला कुठे टोपी आहे?"

ती हसली, आणि हसता हसताच मास्तरला हाताने खूण केली, करा सुरू. आडवं होताना माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "आता सरळ आहे ना, सासूबाई?"

सासूबाई ती मला फक्त चिडवायच्या वेळी म्हणते. मी म्हटलं, मला गप्प बसायला आणलंय.

त्या खेपेला पुष्कळ बैठका झाल्या. आधी रेघा, मग पाण्याची काळी छाया, शेवटी माशाचा लाल रंग. मास्तर डाव्या हाताने कातडी ताणून धरायचा आणि उजव्याने काडी चालवायचा, चर्र चर्र असा बारीक आवाज यायचा. कोपरापाशी आला तेव्हा तिने माझा हात असा आवळला की माझीच बोटं काळीनिळी. मी वर बघायला सांगितलं. वर आम्ही लावलेला तुकडा वाळून पांढरा पडला होता. ती त्यातल्या चुका काढत पडून राहिली आणि तेवढं दुखणं निघून गेलं.

निघताना मास्तरने आमच्याकडची ती दुकानातली थापी मागून घेतली आणि आपल्या सुयांच्या शेजारी भिंतीला टांगली. कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, छप्पर जुनं आहे, परत लागेल.

घरी आल्यावर सुनेने माझ्या मुलाला पाणी दिलं, तेव्हा त्याने हातातला पेला तसाच ठेवून म्हटलं, "अगं, हा तर डोक्यावर पडलाय. परत कधी जायचं दुरुस्त करायला?" ती म्हणाली, वर बघायला कामावर ये एखाद दिवस. तो खरंच आला. वडिलांच्या कामावर आला नव्हता तो. खाली माझ्या शेजारी उभं राहून त्याने मान वर केली, बराच वेळ बघितलं आणि मग न सांगताच पावडरची गोणी उचलून माझ्याजवळ आणून ठेवली.

फरशीच्या दुकानाला तिने नकार कळवला. पट्टी परत मागितली तेव्हा ठेंगू कुरकुरला, दिलेली वस्तू परत मागतात का कुणी. मग म्हणाला, मलाही बरोबर घ्या, तर देतो. घेतला. मोठे हॉल असले की तो लांब हात मारतो आणि ही उंच फळीवरून कडा आणि कोपरे करते, जिथे खरं कसब लागतं. लहान खोल्या आम्ही दोघीच करतो. काही दिवस हात लवकर जड होतो, तेव्हा ती फळीवर पाय सोडून बसते आणि मी बादली पालथी घालून खाली बसते. लोक हसायचे ते हसले. एकाने टोपीचं म्हटलंच. सुनेने दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याची जुनी टोपी घालून काम केलं.

आत्ता एका नव्या घराची बैठकीची खोली चालू आहे. मी घमेलं घेऊन खाली उभी आहे. वर टोपी, मग हात. कोपराशी पाणी फुटलेलं, त्यातून लाल मासा वर निघालेला, खवल्यांवर पीओपीचे पांढरे शिंतोडे. त्याच्या तोंडापुढे थापी, थापीपुढे छत.

"आई, काय बघताय? माल घट्ट होईल."

दिला.